आयर्लंडच्या खेड्यांचं जुनं दप्तर, घरबसल्या आणि फुकट : माझा रिव्ह्यू

पाचपैकी पाच स्टार. आयुष्यातली बरीच वर्षं जमीन मोजणीच्या कामात गेलेला माणूस हे देतोय, त्यामुळे जरा विश्वास ठेवा. रिव्ह्यू आहे आयर्लंडमधल्या खेड्यांच्या जुन्या नोंदी ज्या वेबसाइट्सवर टाकल्यात त्यांचा. एक साइट नाही, तीन-चार आहेत, पण त्या एकमेकींना धरूनच वापराव्या लागतात म्हणून एकत्रच लिहितो. मुख्य म्हणजे नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ आयर्लंडवरची १९०१ आणि १९११ ची जनगणना, दुसरं आस्क अबाउट आयर्लंडवरचं ग्रिफिथ व्हॅल्युएशन (जमीन आणि घरांच्या किमतीची जुनी छापील यादी), आणि तिसरं डूखस नावाच्या साइटवरच्या शाळेतल्या मुलांच्या वह्या. यातलं काहीही बघायला पैसे लागत नाहीत. घणसोली गावठाणात बसून, रात्री जेवणं आटोपल्यावर, मी पश्चिम आयर्लंडमधल्या एका वाडीचं दप्तर चाळतो, कुठल्या घरात किती माणसं होती, पुढून किती खिडक्या होत्या, डुकरांसाठी वेगळा गोठा होता का नव्हता, इथपर्यंत सगळं कळतं.

आता नवी मुंबईतल्या माणसाला हे कशाला हवं? तर माझी पुतणी तिकडे नर्स आहे, मेयो काउंटीत. ती गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या घरात भाड्याने राहते आणि तिच्या पत्त्यात घर नंबर नाही, रस्त्याचं नाव नाही, फक्त एक वाडीचं नाव, मग जवळचं शहर, मग काउंटी. शेजारच्या चार घरांचाही हाच पत्ता. पोस्टमन नावावरून ओळखतो. २०१५ ला त्यांनी एअरकोड म्हणून सात अक्षरांचा कोड काढला तेव्हा कुठे प्रत्येक घराला स्वतःची ओळख मिळाली. तर ती म्हणाली काका तुम्ही जमिनीची कामं करता, या वाडीचं काही सापडतं का बघा ना. वाडीचं नाव मी इथे लिहीत नाही कारण घरं मोजकी आहेत आणि माणसं आजही राहतायत तिथे.

त्या वाडीला टाउनलँड म्हणतात. टाउन वगैरे काही नाही, शेतजमीन आणि त्यावरची घरं, आणि तिची ठरलेली शीव, बहुतेक ठिकाणी ओढा, बांध नाहीतर जुनी वाट. आख्ख्या बेटावर अशी ६० हजारांच्या वर टाउनलँड आहेत. काही एक एकराच्याही आतली, आणि मेयोतलंच शेस्किन सात हजार एकरांच्या पुढे. त्यावर पॅरिश, त्यावर बॅरनी, त्यावर काउंटी, अशा ३२ काउंट्या. या शिवा इंग्रजांच्या आधीपासूनच्या आहेत, पण त्या पहिल्यांदा नीट कागदावर आल्या १८२४ ला सुरू झालेल्या ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी मोजणीमध्ये. कारण साधं होतं, स्थानिक कर टाउनलँडवर बसायचा आणि कोणाची हद्द कुठे आणि क्षेत्र किती हेच पक्कं नव्हतं. मग थॉमस कोल्बीच्या हाताखाली मैलाला सहा इंच या मापाने आख्खा देश मोजला, हद्दी दाखवायचं काम रिचर्ड ग्रिफिथच्या माणसांनी केलं, आणि १८४६ पर्यंत सगळ्या काउंट्यांचे नकाशे छापून तयार. कोल्बीने पाया-रेषा (जिच्यावरून बाकीची सगळी मोजणी काढतात ती पहिली रेषा) मोजायला पितळ आणि लोखंड जोडून दहा फुटी पट्ट्या बनवल्या होत्या, ऊन-थंडीने धातू लांबला-आखडला तरी माप हलत नाही अशा. त्याच धर्तीच्या पट्ट्या घेऊन जॉर्ज एव्हरेस्ट हिंदुस्थानात आला आणि कलकत्त्याची पाया-रेषा त्यांनी मोजली. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून किती बरं वाटतं सांगू शकत नाही. हे सहा इंची नकाशेसुद्धा ऑनलाइन बघता येतात आणि झूम केलं की एकेक घर, चुन्याची भट्टी, विहीर, सगळं दिसतं.

आता ग्रिफिथ. १८४७ ते १८६४ या काळात प्रत्येक टाउनलँडमधल्या प्रत्येक खात्याची किंमत ठरवली आणि छापून काढली, कारण गरिबांसाठीच्या मदतीचा कर त्यावरून बसणार होता. रकाने बघा : नकाशावरचा नंबर, वहिवाटदाराचं नाव, ज्याच्याकडून जमीन घेतलीय त्याचं नाव, वर्णन (घर, गोठे आणि जमीन), क्षेत्र, मग जमिनीची आणि इमारतीची वर्षाची किंमत वेगवेगळी. ज्याने सातबारा वाचलाय त्याला हे पान पाच मिनिटांत कळतं. क्षेत्र एकर, रूड, पर्च यात आहे, घाबरायचं नाही, एक रूड म्हणजे बरोबर १० गुंठे आणि ४ पर्चचा एक गुंठा. वर्णनात ऑफिसेस असा शब्द दिसेल, ते कचेरी नाही, गोठा-कोठार वगैरे. आणि एका नंबरखाली महिरपी कंसात तीन-चार नावं एकत्र आली तर थांबून बघा, तिथे बहुतेक जमीन सामाईक होती. पश्चिमेकडे जुनी पद्धत अशीच होती, घरं एका जागी घोळक्याने, आणि चांगली जमीन, वाईट जमीन, पाणथळ जमीन सगळ्यांना थोडी थोडी मिळावी म्हणून पट्टे पाडलेले. पुढे जमीनदारांनी ते पट्टे मोडून प्रत्येकाला सलग तुकडा काढून दिला, घोळका फुटला, घरं लांब लांब गेली. आज गुगल मॅपवर त्या भागात लांबट सरळ शेतं दिसतात ती त्यातली.

पुतणीच्या वाडीच्या पानावर नावाच्या पुढे जमीनदार म्हणून सगळीकडे एकच नाव. आख्ख्या पानावर. आमच्याकडे मुंबई इलाख्यात रयतवारी होती, सरकार आणि रयत समोरासमोर, खोती होती ती कोकणात. तिकडे मात्र शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये तो एक माणूस कायम उभा, कधी गावात, बरेचदा डब्लिन नाहीतर लंडनमध्ये.

आणि ही पानं वाचताना एक लक्षात ठेवायला लागतं की हा दुष्काळ नुकताच होऊन गेलेला देश आहे. १८४५ ला बटाट्यावर करपा आला, तोच करपा ज्याने आजही आमच्या जुन्नर-मंचरकडचे बटाटेवाले हैराण होतात, आणि तिथल्या गरिबाचं पोट फक्त बटाट्यावर होतं कारण थोड्या जागेत तेवढंच पिकायचं, ओट आणि डुक्कर विकून खंड भरायचा. सलग पिकं गेली. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि तितकी किंवा जास्तच देश सोडून गेली. १८४७ च्या कायद्यात एक कलम घातलं, ज्याच्याकडे पाव एकराच्या वर जमीन आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे हो. म्हणजे पोरांना खायला हवं तर जमीन सोडून दे. वरून, चार पौंडांपर्यंत किमतीच्या खात्याचा कर जमीनदाराने भरायचा असा नियम, म्हणून जमीनदारांनी ती छोटी खातीच उठवली, घराचं छप्पर पाडलं की प्रश्न मिटला. मेयोत १८४१ ला सुमारे ३ लाख ८९ हजार माणसं होती, १८५१ ला २ लाख ७४ हजार. १८५१ च्या छापील जनगणनेत टाउनलँडवार १८४१ आणि १८५१ ची घरं आणि माणसं शेजारी शेजारी दिलीत. मी आमच्या वाडीचे ते दोन आकडे बघितले आणि मग ग्रिफिथची यादी परत पहिल्यापासून वाचली, कारण आता कळलं होतं की ही उरलेल्यांची यादी आहे.

एक टिप, ग्रिफिथबरोबर जे नकाशे त्या साइटवर दिसतात ते सगळीकडे त्याच सालचे नाहीत, बरेच नंतर दुरुस्त केलेले आहेत, त्यामुळे नंबर जुळला नाही तर गोंधळून जाऊ नका. आणि या व्हॅल्युएशनचे पुढचे फेरफार वेगळ्या रजिस्टरांत आहेत, जुनं नाव खोडून वर नवीन नाव, बदल कधीचा हे कळावं म्हणून रंगीत शाई. उत्तर आयर्लंडची १८६४ ते १९३३ पर्यंतची ही रजिस्टरं बेलफास्टच्या सरकारी रेकॉर्ड ऑफिसच्या साइटवर फुकट दिसतात. बापाचं नाव खोडून विधवेचं, विधवेचं खोडून मुलाचं, हे रंगारंगांत बघत बसलं की वेळेचं भान राहत नाही.

आता मुख्य गोष्ट, जनगणना, जिच्यासाठी मी खरं हे लिहायला बसलो. १९०१ ची ३१ मार्चची, १९११ ची २ एप्रिलची. प्रत्येक घराचा मूळ फॉर्म, घरातल्या कर्त्याने स्वतःच्या हाताने भरलेला, स्कॅन करून टाकलाय. लिहिता येत नसेल तर पोलिसाने भरला आणि माणसाने फुली मारली, कारण शिरगणतीला घरोघर पोलीसच फिरायचे. नाव, कर्त्याशी नातं, धर्म, लिहिता-वाचता येतं का, वय, धंदा, लग्न, जन्म कुठल्या काउंटीत, आयरिश बोलतात का इंग्लिश का दोन्ही. आजी फक्त आयरिश, आई-बाप दोन्ही, पोरं फक्त इंग्लिश, असं एका छपराखाली तीन ओळींत दिसतं, आणि आमच्या घरात माझी आई आगरी बोलते, मी अर्धी आणि माझा मुलगा शून्य, त्यामुळे त्या फॉर्मवर मी जरा जास्त वेळ थांबलो.

१९११ मध्ये लग्न झालेल्या बायकांना आणखी तीन प्रश्न होते. लग्नाला किती वर्षं, किती मुलं जिवंत जन्मली, आज किती हयात. तीन आकडे, बस. आठ आणि पाच असं लिहिलेलं असतं आणि त्याच्या खाली पाच मुलांपैकी दोघांचीच नावं, कारण बाकीचे तोपर्यंत अमेरिकेला गेलेले. दुष्काळानंतर तिकडे जमीन वाटायचं जवळजवळ बंदच झालं, एक मुलगा जमिनीवर, एका मुलीचं हुंडा देऊन लग्न, बाकीच्यांनी बोट पकडायची. आणि वारस मुलगासुद्धा चाळिशीपर्यंत बिनलग्नाचा, कारण बाप नावावर करून देत नाही तोवर सून आणणार कशी. फॉर्मवर हे कोणी लिहिलेलं नाही पण वयं आणि नाती बघितली की सगळं दिसतं.

वयांवरून एक भारी गोष्ट. १९०१ ला ५६ वर्षांचा असलेला माणूस १९११ ला ७१ वर्षांचा. असे गावोगाव आहेत. १९०८ च्या कायद्याने सत्तरीच्या वरच्यांना १९०९ पासून पेन्शन मिळायला लागली आणि जन्माची सरकारी नोंद सुरू झाली होती १८६४ ला, मग सत्तरीतल्या माणसाकडे दाखला कुठून असणार? तर हापिसात जाऊन १८४१ नाहीतर १८५१ च्या शिरगणतीत लहानपणीचं नाव शोधून घ्यायचं आणि तो पुरावा. लोकांना खोटारडं म्हणायचं कारण नाही, कित्येकांना खरंच माहीत नव्हतं, आमच्याकडे पण मोठ्या पुराच्या साली जन्मला असंच सांगायचे की.

घराचा फॉर्म वेगळा. भिंत दगड-विटेची असेल तर १, मातीची असेल तर शून्य, छप्पर कौल-पाटी-पत्र्याचं असेल तर १, गवताचं असेल तर शून्य, खोल्या किती, पुढच्या बाजूला खिडक्या किती, बेरीज करून घराचा दर्जा. शेजारी, ज्याच्या वहिवाटीत ते घर येतं त्या जमीनधारकाचं नाव. आणि तिसरा फॉर्म माझा सगळ्यात आवडता, फक्त बाहेरच्या बांधकामांचा : तबेला, गायींचा गोठा, वासरांचा वेगळा, डुकरांचा, कोंबड्यांचं खुराडं, कोठार, टर्फ ठेवायची खोली (दलदलीतली माती कापून वाळवून जाळतात ती), बटाट्याची खोली, लोहारकाम. पोलिसाने दारोदार उभं राहून मोजलेलं. या एका कागदावरून कुणाचं बरं चाललंय आणि कुणाचं नाही ते कळतं, १९०१ ला नुसता गायींचा गोठा आणि १९११ ला गोठा, कोठार, खुराडं आणि घराची एक खिडकी वाढलेली, म्हणजे मधल्या दहा वर्षांत काहीतरी चांगलं झालंय त्या घरात.

काय झालं, तर जमीन स्वतःची झाली. १८७० च्या सुमाराला तिथे जेमतेम ३ टक्के शेतकरी मालक होते. १८७९ ला लँड लीग ही कुळांची संघटना उभी राहिली, तिचा मुख्य माणूस मायकल डेव्हिट मेयोचाच, त्याचं स्वतःचं घर तो लहान असताना उठवलं होतं. पुढच्या वर्षी त्याच काउंटीत कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या एजंटला लोकांनी वाळीत टाकलं, शेतावर मजूर नाही, दुकानात माल नाही, शेवटी पीक काढायला उत्तरेकडून ५० माणसं आणावी लागली आणि त्यांच्या संरक्षणाला फौज. १८८१ च्या कायद्याने रास्त खंड, कुळाला कायम ताबा आणि हक्क विकायची मुभा मिळाली. १९०३ च्या विंडहॅम कायद्याने सरकारने जमीनदारांना पैसे मोजले आणि शेतकऱ्याने ते साडेअडुसष्ट वर्षांच्या हप्त्यांनी फेडायचे, खंडापेक्षा हप्ता कमी. हे वाचताना मला आपला कुळकायदा, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, कुळाने भरायची ३२-ग ची किंमत आणि खरेदीचं ३२-म चं सर्टिफिकेट आठवणं साहजिक आहे, आणि त्याच्याही आधी अलिबागजवळचा चरीचा संप, १९३३ ते १९३९, नारायण नागू पाटलांच्या मागे उभी राहिलेली गावं, सहा वर्षं पेरणी नाही. हे शाळेत नीट शिकवलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

जे नाही त्याबद्दल पण सांगतो म्हणजे शोधून दमणार नाही. १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीची मूळ पानं ३० जून १९२२ ला डब्लिनच्या फोर कोर्ट्स या कोर्टाच्या इमारतीतल्या लढाईत रेकॉर्ड ऑफिस जळलं त्यात गेली, थोडे तुकडे वाचले. १८६१ आणि १८७१ ची तर सरकारनेच नष्ट केली होती. १८८१ आणि १८९१ ची पहिल्या महायुद्धात कागदाचा लगदा करायला गेली. म्हणजे १९०१ च्या मागे नावांसकट भिंतच. म्हणून ग्रिफिथला इतकी किंमत, आणि त्याच्या मागे जायचं तर १८२३ ते १८३७ ची टाइथ बुकं, चर्चसाठीच्या कराची. जन्म-लग्न-मृत्यूची सरकारी रजिस्टरं वेगळ्या साइटवर फुकट आहेत, आणि कॅथलिक चर्चची जुनी रजिस्टरं नॅशनल लायब्ररीने २०१५ पासून फुकट उघडी केलीत. हे एवढ्यासाठी सांगतोय की गुगल केलं की पहिल्यांदा पैसेवाल्या साइट्स येतात. एकीने (नाव लिहीत नाही) ट्रायल म्हणून कार्ड घेतलं, पुढच्या महिन्याचे पैसे न विचारता कापले, आणि दाखवलं काय तर हीच जनगणनेची पानं.

शेवटी डूखस. १९३७ ते १९३९ मध्ये तिथल्या फोकलोर कमिशनने प्राथमिक शाळांतल्या मोठ्या मुलांना सांगितलं की घरच्या आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि वहीत लिहून आणा. पन्नास हजारांच्या वर मुलं, पाच हजारांच्या आसपास शाळा, सात लाखांच्या वर पानं. दुष्काळात गावात काय झालं, कुठलं घर ओस पडलं, गुरांना कुठला पाला द्यायचा, लोणी कसं घुसळायचं, पवित्र विहिरी, आणि शेतांची नावं. प्रत्येक शेताचं नाव, आणि ते का पडलं. बारा-तेरा वर्षांच्या पोराचं अक्षर, खाली सांगणाऱ्याचं नाव, वय.

मी हे आमच्या गावठाणात दोघा-तिघांना दाखवलं. सिडको १९७० ला आली आणि ९५ गावांची जमीन गेली, त्यात आमची भातशेती आणि खाजण. घणसोली, तुर्भे, सानपाडा ही गावांची नावं स्टेशनांवर तरी आहेत, पण खाचरांना जी नावं होती, उंबराचं, देवाचं, खारीतलं मोठं, ती कुठल्याच सातबाऱ्यावर नव्हती, तिथे नुसते सर्व्हे नंबर आणि हिस्से. माझ्या आईला अजून अठरा-वीस नावं येतात, सेक्टर नंबर सांगितला की ती तिथलं शेत सांगते. आता आम्ही जुना गाव नकाशा मोठा प्रिंट काढून भिंतीला लावलाय आणि ऐंशीच्या पुढच्या माणसांना बसवून एकेक नंबरावर नाव लिहितोय, शाळेतली मुलं लिहितात आणि म्हातारी माणसं भांडतात की ते शेत तिथे नव्हतं, ओढ्याच्या अलीकडे होतं. ही कल्पना सरळ डूखसवरून उचललीय, आणि एखाद्या सर्व्हिसची याहून मोठी शिफारस मला करता येणार नाही.

ज्यांची पोरं तिकडे कामाला आहेत त्यांनी जरूर बघा. सुरुवात १९११ पासून करा, मग १९०१, मग ग्रिफिथ, आणि सहा इंची नकाशा शेजारच्या टॅबमध्ये उघडा ठेवा. जनगणनेत शोधताना आधी काउंटी, मग डीईडी म्हणून एक निवडणूक विभाग, मग टाउनलँड, असा क्रम आहे, डीईडी माहीत नसेल तर लॉगइनम या गावनावांच्या सरकारी साइटवर टाउनलँड टाका, काउंटी-बॅरनी-पॅरिशपासून सगळी उतरंड मिळते. आडनावाचं स्पेलिंग दोन फॉर्मवर दोन प्रकारे असू शकतं, म्हणून नावावर न शोधता आख्खी वाडी उघडा आणि घरं एकामागून एक वाचा. मोबाइलवर वाचता येतं पण हस्ताक्षरासाठी लॅपटॉप बरा. १९२१ ची शिरगणती लढाईमुळे झालीच नाही, पुढची १८ एप्रिल १९२६ ची, आणि १०० वर्षं गुप्त ठेवायचा नियम असल्यामुळे तिची मुदत एप्रिल २०२६ ला संपते, तिच्यात शेतकऱ्यांना जमीन किती एकर हेही विचारलं होतं.